पाना उसना मिळतो, कान मिळत नाही

१९७३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला टॉम आणि रे मालियोत्झी या भावांनी एक विचित्र गॅरेज उघडलं. गाडी गिऱ्हाइकाची, राबणारे हातही गिऱ्हाइकाचेच. गॅरेजने फक्त जागा आणि हत्यारं भाड्याने द्यायची. नाव ठेवलं 'हॅकर्स हेवन'. दोघे भाऊ एमआयटीचे पदवीधर. काळही असा, की आपलं काम आपण करावं या कल्पनेने तरुण अमेरिका भारली होती. चारच वर्षांपूर्वी, १९६९ मध्ये, जॉन म्यूर या माजी लॉकहीड इंजिनिअरने फोक्सवॅगन घरच्या घरी कशी जिवंत ठेवावी हे ठार अडाण्यांनाही समजेल अशा भाषेत सांगणारं पुस्तक काढलं होतं आणि ते तडाखेबंद खपत होतं. तरीही भाड्याच्या पान्यांचा धंदा टिकला नाही. काही वर्षांतच त्याचं चारचौघांसारखं 'गुड न्यूज गॅरेज' झालं, जिथे गाडी मिस्त्रीच्या हवाली करून गिऱ्हाईक घरी जातं.

मालियोत्झी बंधूंना नाव मिळालं ते वेगळ्याच वाटेने. १९७७ मध्ये बोस्टनच्या डब्ल्यूबीयूआर रेडिओने मेकॅनिकांची चर्चा ठेवली. बोलावणी बऱ्याच जणांना गेली होती, आला एकटा टॉम. पुढच्या खेपेला त्याने धाकट्या रेला सोबत नेलं. त्यातून 'कार टॉक' हा कार्यक्रम उभा राहिला, १९८७ पासून एनपीआरवरून देशभर गेला आणि भरात असताना आठवड्याला चाळीस लाखांच्या आसपास लोक तो ऐकत. दोघांनी स्वतःला नावं घेतली होती क्लिक आणि क्लॅक, टॅपेट बंधू. लोक फोन करत आणि आपल्या गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवत. शिकलेसवरलेले, प्रौढ लोक लाखो श्रोत्यांसमोर 'कुईई', 'टक-टक-टक', 'घुर्रर्र' करत. मग भाऊ खो-खो हसत आणि हसता हसता चौकशी चालवत. आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? वळण घेताना की सरळ जाताना? गाडीला शेवटचा हात कुणी लावला?

या तिसऱ्या प्रश्नाची गरज आज १९७७ पेक्षा कितीतरी जास्त आहे.

कारण आज अख्खी अमेरिकाच 'हॅकर्स हेवन' झाली आहे. ऑटोझोनसारख्या दुकानात अनामत भरली की स्प्रिंग कॉम्प्रेसरपासून बॉल जॉइंट काढायच्या प्रेसपर्यंत हत्यारं घरी नेता येतात. परत केली की पैसे परत. इंजिनचा दिवा लागला तर कोड तिथेच फुकट वाचून मिळतो. १९९६ पासूनच्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ ची खोबण सक्तीची आहे आणि तिच्यात बसणारं वाचनयंत्र वीस-पंचवीस डॉलरला मिळतं. कृती दाखवायला फोनवर व्हिडिओ आहेतच. दुसऱ्या बाजूला अनेक शहरांत गॅरेजची मजुरी तासाला दीडशे डॉलरच्या घरात गेली आहे. मग पुण्यात स्कूटरचा प्लगही मिस्त्रीकडून बदलून घेणारा मुलगा न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये आला, की वर्षभरात आपल्या जुन्या कोरोलाचे ब्रेक पॅड स्वतः बदलू लागतो. पहिल्यांदा नाइलाजाने, पुढे हौसेने. यात हसण्यासारखं काही नाही. उलट, डिग्री घेऊनही हातात पाना न धरलेल्या आपल्या पिढ्यांनी अमेरिकेकडून घ्यावी अशी ही गोष्ट आहे. (सगळीकडे ती चालतेच असं मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो काउंटीत निवासी भागात गाडी दुरुस्त करताना 'घरात सहसा नसणारी' हत्यारं वापरायला बंदी आहे. कोणत्या घरात काय असतं, हे ठरवणारा अधिकारी पाहायला हवा!)

अडचण पुढे येते. काम संपतं, पाने पुसून ठेवले जातात, किल्ली फिरते आणि इंजिनमधून आधी कधी न ऐकलेला आवाज येतो. इथवर हात धरून आणणारी सगळी व्यवस्था नेमकी इथेच हात सोडते. हत्यार उसनं देणारं दुकान आहे, सुटा भाग विकणारं आहे, कोड वाचणारं यंत्र आहे. ऐकणारं कुणी नाही. यंत्राला काही सेन्सरांची भाषा कळते. ढिल्या पत्र्याची खडखड त्याला ऐकू येत नाही. आणि दुकानातला माणूस शेवटी भाग विकायला बसलेला असतो. पी-०३०१ असा कोड आला, म्हणजे पहिला सिलिंडर नीट पेटत नाही एवढंच त्यातून कळतं. प्लग, कॉइल, इंजेक्टर की फुटलेली हवेची नळी, हे शोधायचं बाकीच असतं. पण सल्ला मिळतो कॉइल घेण्याचा. तिने फरक पडला नाही की इंजेक्टर. डोकं दुखतं म्हणून चष्मा, उशी आणि टोपी एकामागून एक बदलत जावं, तसला हा उपचार. यात वाया जाणारा पैसा गॅरेजच्या निदानाच्या एका तासापेक्षा बहुतेक वेळा जास्त असतो.

घरच्या दुरुस्तीनंतर आलेल्या आवाजाचं कारण बहुधा कंटाळवाणं निघतं. इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण काढून परत लावताना दोन क्लिपा राहून गेल्या, की वेग वाढताच फडफड सुरू होते. सायलेन्सरच्या नळीवरचा उष्णतारोधक पत्रा धक्का लागून सैल झाला, तर ठरावीक आरपीएमला तो डबा वाजवल्यासारखा वाजतो. एअर फिल्टरची नळी पुरती बसली नसेल तर शिट्टी. प्लग अर्धवट आवळला असेल तर फुसफुस. कूलंट बदलल्यावर डॅशबोर्डमागे पाणी खळखळलं, तर आत हवा अडकली आहे. पॉवर स्टिअरिंगचं काम झाल्यावर चाक फिरवताना कण्हल्यासारखा आवाज आला, तर तिथेही तेच. टायमिंग बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला की इंजिनबरोबर चढत जाणारी सूं ऐकू येते. यांतल्या एकाही दोषासाठी इंजिन उघडावं लागत नाही. केलेलं काम ज्या क्रमाने केलं त्याच्या उलट क्रमाने पुन्हा तपासावं लागतं, आणि नेमकं हेच माणसाला नको असतं. नुकतंच पूर्ण केलेलं, हात काळे करून केलेलं काम चुकलं असेल हे कुणाला रुचतं?

तेलाचं काम सगळ्यांत सोपं, म्हणूनच सगळ्यांत फसवं. तेलाच्या फिल्टरमध्ये रबराचा एक छोटा पडदा असतो. गाडी रात्रभर उभी असताना फिल्टरमधलं तेल खाली उतरून जाऊ नये म्हणून. हलक्या फिल्टरमध्ये तो लवकर कडक होतो आणि सकाळी पहिल्या किल्लीला इंजिन दोन-तीन सेकंद कोरडं खडखडतं. जुन्या फिल्टरचं रबरी कडं इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तर तेल भळाभळा बाहेर येतं. सुबारूच्या गाड्यांत तर एक खास सापळा आहे. खाली शिरलेल्या माणसाच्या हाताला इंजिनच्या बोल्टाऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट लागतो. तो गिअरबॉक्स रिकामा करतो आणि आधीच भरलेल्या इंजिनात वरून आणखी चार-पाच लिटर ओततो. नंतर येणारा आवाज कुठून येतोय हे ओळखायला मग वेगळं कौशल्य लागत नाही, डिपस्टिक पुरते.

मात्र काही आवाज कंटाळवाणे नसतात, आणि ते वेगळे काढायला थोडं गणित पुरतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. इंजिन ८०० आरपीएमला आयडलिंग करत असेल तर क्रँक सेकंदाला तेरा वेळा फिरतो, कॅम सहा-सात वेळा. एखादा टॅपेट वाजत असेल तर टकटक सेकंदाला सहा-सात असते. त्याच्या दुप्पट असेल तर संशय खाली, क्रँककडे वळतो. कानाला हे मोजता येत नाही. पण फोनवर ध्वनिमुद्रण करून त्याचा आलेख पाहिला, तर ठोके मोजायला शाळकरी मुलगाही पुरे. ॲक्सेसरी बेल्ट काढून इंजिन काही सेकंदच चालवलं आणि आवाज थांबला, तर दोष अल्टरनेटर, पंप किंवा एसीत, इंजिन सुटलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावणारा मिस्त्री नाशिकला दिसतो तसा नेब्रास्कालाही दिसतो. तिकडे त्याच कामाला दहा-पंधरा डॉलरचा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो, एवढाच फरक. बाही सावरून आणि फिरत्या पट्ट्यापासून दूर राहून, हे सांगायलाच हवं. गाडीखाली शिरायचं असेल तर आणखी एक गोष्ट: २०२० मध्ये हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानसाखळीने सतरा लाखांवर जॅक स्टँड परत मागवले, कारण त्यांचे दात नीट न अडकता गाडी खाली येण्याचा धोका होता.

सगळ्यांत जास्त भीती असते ती कनेक्टिंग रॉडच्या ठोक्याची. जड, खोल, वजन पडलं की वाढणारा. एकेका सिलिंडरचा इंजेक्टर तात्पुरता बंद करून पाहायचं. ज्याच्यापाशी ठोका मऊ होतो त्याचं बेअरिंग गेलं. मग गाडी चालवायची नाही, ओढून न्यायची. पण इथेही कान फसतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर यांना जोडणारी पोलादी तबकडी असते. तिला तडा गेला किंवा गिअरबॉक्सच्या कामात तिचे बोल्ट सैल राहिले, तर ती हुबेहूब रॉडसारखी ठोकते. एका निदानाचा खर्च काही बोल्ट आवळण्याचा, दुसऱ्याचा नव्या इंजिनचा. आणि घाईत असलेल्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच वाटतात.

म्हणून शेवटचा हात कुणी लावला, हा प्रश्न कामाचा आहे. मात्र तो तपासाची सुरुवात कुठून करायची एवढंच सांगतो, दोषी कोण ते नाही. हा फरक विसरल्याचं सगळ्यांत मोठं उदाहरणही अमेरिकेतलंच आहे.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आणि त्याच्या जोडीला बॅटरीवरचं इग्निशन आलं. हँडल मारण्याची कटकट गेली. पण जोर पडला की इंजिन ठोकतं, अशा तक्रारी सुरू झाल्या. नवीन काय बसवलं होतं? इग्निशन. मग दोषी तेच, असं प्रतिस्पर्धीही म्हणू लागले. केटरिंग यांनी थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला शोध घ्यायला लावला आणि दोष इग्निशनचा नसून इंधन जळण्याच्या पद्धतीचा आहे असं निघालं. मिजली यांची पुढची अटकळ अशी, की इंधन लाल रंगाचं केलं तर उष्णता शोषून त्याची लवकर वाफ होईल. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन टाकलं. ठोका थांबला! मग खरे लाल रंग आणून पाहिले, काहीच झालं नाही. रंगाचा संबंधच नव्हता, गुण आयोडीनचा होता. चुकीच्या निदानाने लागू पडलेलं औषध म्हणून हा किस्सा हसत सांगितला जातो.

पुढचा भाग हसण्यासारखा नाही. ९ डिसेंबर १९२१ रोजी डेटनच्या प्रयोगशाळेत टेट्राइथाइल लेड सापडलं. चिमूटभर शिसं पेट्रोलमध्ये पडलं की इंजिन गप्प. १९२३ मध्ये ते विक्रीला आलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ते तयार करणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने मेले. तरी विक्री चालूच राहिली. अमेरिकेच्या रस्त्यांवरून ते पुरतं हटायला १९९६ साल उजाडलं, भारतात २०००. जगातला शेवटचा पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला. आवाज बंद करणं आणि कारण दूर करणं यांतलं अंतर यापेक्षा ढळढळीत दाखवणारी गोष्ट मोटारींच्या इतिहासात नसेल. आज दाट ऑइल भरून टॅपेटची टकटक दाबणारा किंवा बाटलीतलं 'इंजिन सायलेन्सिंग' रसायन ओतणारा हौशी माणूस छोट्या प्रमाणावर तेच करत असतो.

दुसरं उदाहरण ताजं आहे. ह्युंदाईने सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत मागवल्या. कारखान्यात क्रँकशाफ्टला तेलाच्या वाटा पाडताना धातूचे कण आत राहिले होते. बेअरिंगपर्यंत तेल पोचत नव्हतं, इंजिन आधी ठोकायचं आणि मग रस्त्यातच बंद पडायचं. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि कियाच्या आणखी सुमारे १२ लाख गाड्या यादीत आल्या. किम ग्वांग-हो या ह्युंदाईच्याच इंजिनिअरने अमेरिकी सरकारकडे कागदपत्रं नेली होती. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरचा दंड बसला आणि पुढच्या वर्षी किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. आता विचार करा: घरीच तेल बदलणाऱ्या एखाद्या सोनाटावाल्याच्या कानावर तो ठोका पहिल्यांदा पडला असेल, तेव्हा त्याने दोष कुणाला दिला असेल? बहुधा स्वतःलाच. आणि गॅरेजमधल्या माणसानेही त्याला दुजोराच दिला असेल. वास्तविक १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्याने, गाडीची देखभाल स्वतः केली एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. पण त्यासाठी तेलाच्या पावत्या आणि तारखा जपून ठेवलेल्या असाव्या लागतात, आणि हौशी मंडळी पाने जितके जपतात तितके कागद जपत नाहीत.

ह्युंदाईने पुढे जो उपाय केला तो मजेशीर आहे. इंजिनवर आधीच असलेल्या नॉक सेन्सरला नवं सॉफ्टवेअर देऊन रॉड बेअरिंगची थरथर ओळखायला शिकवलं. ती जाणवली की दिवा लुकलुकतो, पी-१३२६ हा कोड उठतो आणि गाडी आपोआप कमी ताकदीवर येते. म्हणजे जे काम क्लिक आणि क्लॅक फोनवर करत, ते आता गाडीतली चिप करते. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सनेही ६.२ लिटर व्ही-८ च्या जवळपास सहा लाख गाड्या क्रँक आणि रॉडच्या दोषांसाठी परत मागवल्या. तपासणीत पास झालेल्या इंजिनांना कंपनीने दिलं काय? अधिक दाट तेल. ते योग्य की नाही हे इंजिनिअर ठरवतील; पण अशा गाडीच्या मालकाला आपलं इंजिन कसल्या तपासणीत 'पास' झालं हे जाणण्याचा हक्क असायला हवा, यात वाद कसला?

खरा प्रश्न इथे आहे. दुरुस्तीचा हक्क म्हणून अमेरिकेत जी लढाई चालली, ती मुळात निदानाच्या हक्काची आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक मतांनी ठरवलं, की कंपनीच्या डीलरला मिळणारी निदानाची माहिती मालकालाही मिळाली पाहिजे. २०१४ मध्ये कंपन्यांनी तोच नियम देशभर पाळण्याचं मान्य केलं. मग गाड्या बिनतारी माहिती थेट कंपनीला पाठवू लागल्या आणि खोबणीतून काय मिळतं याला अर्थ उरेना. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्सने पुन्हा मतदान करून ती वाटही मोकळी करायला सांगितलं. कंपन्या कोर्टात गेल्या. जून २०२३ मध्ये केंद्राच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनेही हॅकिंगची भीती दाखवून कायदा पाळू नका असं कंपन्यांना कळवलं, आणि ऑगस्टमध्ये भूमिका मवाळ केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने कंपन्यांचा दावा फेटाळला. कंपन्या वरच्या न्यायालयात गेल्या. मेन राज्याने २०२३ मध्ये अशाच कायद्याला ८४ टक्के मतं दिली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोटारी तिच्या कक्षेत घेतल्या आणि एक पोर्टलही सुरू केलं. पण पोर्टलवर कंपनीचे पत्ते आणि फोन क्रमांक मिळणं म्हणजे निदान मिळणं नव्हे.

हॅकिंगची भीती अगदीच खोटी नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगला बाहेरून हात घालता येईल अशी दारं उघडी टाकावीत असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण नॉक सेन्सरने नोंदवलेलं वाचायला देणं आणि ब्रेकला आज्ञा द्यायला देणं, या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरून 'सुरक्षा' अशी चिठ्ठी लावायची, ही चलाखी आहे.

सामान्य मालकाकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. निदानाची फी ऐकून कपाळाला आठ्या घालणं त्याने सोडावं. 'फक्त बघायचे दीडशे डॉलर?' हा प्रश्न न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या गॅरेजमध्ये ऐकू येतो तसाच कोथरूडच्याही, रुपयांत. तासाची मजुरी बोल्ट फिरवण्यासाठी देताना कुणी कुरकुरत नाही, आणि कुठला बोल्ट फिरवायचा हे सांगणाऱ्याकडून मात्र फुकट काम हवं असतं. जो गॅरेजवाला निदानाचे वेगळे पैसे घेत नाही, तो ते कुठल्या तरी अनावश्यक भागातून वसूल करणार, एवढा व्यवहार मराठी माणसाला समजायला हरकत नाही. आणि गाडी त्याच्याकडे नेताना आपण स्वतः काय काय उघडलं होतं ते न लपवता सांगावं. थंड इंजिनचा सकाळचा आवाज फोनवर घेऊन जावा, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं आणि आवाज हमखास गायब होतो.

'कार टॉक'चे नवे भाग ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबले, टॉम २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. त्या कार्यक्रमात एक सदर असायचं, ज्यात जुन्या फोनवाल्यांना परत बोलावून दिलेला सल्ला बरोबर निघाला की साफ चुकला हे सगळ्यांसमोर विचारलं जाई. कुठली मोटार कंपनी, कुठलं गॅरेज आपल्या निदानाचा असा हिशेब देतं? काँग्रेसपुढे पुन्हा पुन्हा मांडल्या गेलेल्या 'रिपेअर ॲक्ट' विधेयकात माहितीच्या वाटपाबद्दल बरंच काही आहे. त्यात एक कलम असंही घालावं, की वॉरंटी नाकारताना गाडीच्या सेन्सरांनी काय ऐकलं होतं याची पूर्ण नोंद कंपनीने मालकाच्या हाती द्यायची.